तक्रारीत ज्यांचं नाव नव्हतं

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५९



नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो. नरकासुर मेला, चला फराळाला! आपल्यासाठी गोष्ट इथेच संपते. भागवतात मात्र नरकासुर मेल्यावरही जवळजवळ अर्धा अध्याय शिल्लक असतो. आज तोच भाग नीट वाचूया.

कथेत काय आहे?

सुरुवातीला इंद्र श्रीकृष्णाकडे तक्रार घेऊन येतो. तक्रार कशाची? वरुणाचं छत्र गेलं, अदितीची कुंडलं गेली, मणिपर्वतावरची जागा गेली. म्हणजे सगळी चोरीला गेलेल्या मालमत्तेची यादी. भगवान सत्यभामेसह गरुडावर बसून निघतात, युद्ध होतं, नरकासुर मारला जातो. मग ते त्याच्या महालात पाऊल टाकतात आणि तिथे सोळा हजार राजकन्या कोंडलेल्या दिसतात. (विष्णुपुराणात आणि आपल्या बोलण्यात हा आकडा सोळा हजार शंभर येतो.)

आता जरा थांबा. इंद्राच्या तक्रारीत या मुली कुठेच नव्हत्या! कुंडलांसाठी दाद मागणारा होता, मुलींसाठी कोणी नव्हता.

पुढचा क्रम बघा. त्या स्त्रिया श्रीकृष्णाला पाहतात आणि प्रत्येक जण मनाशी ठरवते की हाच माझा पती व्हावा. म्हणजे आधी त्यांची इच्छा येते. मग भगवान त्यांना स्वच्छ वस्त्रं, पालख्या, रथ, घोडे आणि भरपूर धन देऊन द्वारकेला पाठवतात. हे झाल्यावर ते कुंडलं परत करायला स्वर्गात जातात. ज्यांची तक्रार नोंदवलेलीच नव्हती, त्यांचं काम आधी झालं. आणि द्वारकेत प्रत्येकीला वेगळं घर मिळालं. कुठे एकत्र कोंडून ठेवलं नाही.

मग आपणही लग्नं लावून द्यायची का?

हा प्रश्न तुमच्या मनात येणार, मलाही आला. माझं उत्तर: नाही. त्या काळात राजकन्येला समाजात जागा, नाव, घर आणि मान एकाच मार्गाने मिळत असे, तो म्हणजे विवाह. भगवंतांनी त्यांना ही जागा दिली, तीही पट्टराण्यांच्या बरोबरीने. आज तीच जागा आधार कार्ड, बँक खातं, भाड्याचं घर, नोकरी आणि मागचं न विचारणारे शेजारी यातून मिळते. सुटून आलेल्या मुलीचं घाईघाईने लग्न लावून ‘प्रश्न मिटला’ म्हणणं म्हणजे तिची इच्छा विचारण्याची पायरी गाळणं.

हे आपल्याच राज्यात घडलं आहे

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यात नेपाळच्या मुली बऱ्याच होत्या. छापे झाले, बातम्या आल्या. पुढे काय? मुली मुंबईतल्या सरकारी वसतिगृहांत महिनोन्‌महिने अडकून पडल्या, कारण नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि त्यांनी मुलींना घरी नेलं. त्याच वर्षी परतलेल्यांपैकी १५ जणींनी ‘शक्ती समूह’ नावाची स्वतःची संघटना काढली. २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना घ्यायला कोणी तयार नव्हतं, त्या आज इतर मुलींना आधार देतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर सुटका म्हणजे ‘गो-लाइव्ह’. तो एक दिवस असतो, फोटो निघतात, टाळ्या वाजतात. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

हे दुसऱ्या दिवसाचं काम करणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांच्या ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रीचं संगोपन केंद्र सुरू केलं. आई रात्री धंद्यावर असताना मूल त्याच वस्तीत असुरक्षित राहू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. आईचा धंदा मुलीच्या वाट्याला येऊ नये म्हणून ती रात्र सांभाळायची. आपल्या जालन्यापासून फार लांब नसलेल्या अहिल्यानगरमध्ये गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये ‘स्नेहालय’ उभं केलं, तेही लालबत्ती भागातल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी.

आणि इच्छेचा मुद्दा? २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने छाप्यात सोडवलेल्या तीन सज्ञान तरुणींना संस्थेत डांबून ठेवण्याचा आदेश रद्द केला. सज्ञान स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध असं ठेवता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. सुटका करून पुन्हा कोंडलं तर फक्त महाल बदलला, इतकंच.

मस्तगडहून दिसणारं

मी जालन्याच्या मस्तगडचा. मुंबईच्या त्या गल्ल्या इथून लांब वाटतात, पण सुरुवात तिथे होत नाही. ती एखाद्या गावात, ओळखीच्या माणसाच्या तोंडून होते: “पुण्यात काम आहे, पोरीला पाठवा”, “मुलगा चांगला आहे, हुंडा नको.” दिवाळी झाली की आपल्या मंठा, अंबड, घनसावंगी भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामात डोक्यावर राहते. ऊसतोडीला जाणारं प्रत्येक कुटुंब तस्करीचं बळी असतं असं मुळीच नाही. पण कर्जापोटी माणसाला जबरदस्तीने राबवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि माणसांचा व्यापार तर संविधानाच्या कलम २३ नेच बंद केला आहे. गरज, कर्ज आणि गोड बोलणारा ओळखीचा माणूस, हे तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे आपण सावध असायला हवं.

आपण काय करू शकतो?

१. संशय आला तर फोन करा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२. स्वतः हिरो बनून छापा टाकायला जाऊ नका, त्याने मुलीचाच जीव धोक्यात येतो.

२. एक दिवसाची भेट नको, सहा महिन्यांचा शब्द द्या. दर शनिवारी दोन तास कॉम्प्युटर शिकवणं, बायोडेटा करून देणं, मुलाखतीची तयारी करून घेणं. हे आपल्याला येतंच की! आधी संस्थेला विचारा की त्यांना काय हवंय. आपल्याला काय द्यायचंय ते नंतर.

३. फोटो नाही, रील नाही, स्टेटस नाही. दिवाळीचा फराळ वाटताना मुलींबरोबरचा सेल्फी तिच्या गावापर्यंत पोचू शकतो. बालकांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हासुद्धा आहे.

४. तिला तिची कहाणी विचारू नका. सांगावीशी वाटली तर ती सांगेल. तोवर एक्सेल शिकवा.

५. आपल्या कंपनीत, सोसायटीत जागा करा. नोकरी किंवा भाड्याची खोली द्यायची वेळ येते तेव्हाच आपली भक्ती किती खोल आहे ते कळतं.

आजचं चिंतन

आपण ज्याला द्वारकाधीश म्हणतो, त्याने द्वारकेचं दार कोणासाठी उघडलं ते आज वाचलं. ज्यांच्याबद्दल लोक कुजबुजले असते, त्यांना त्याने राणी म्हणून आत घेतलं. मग माझ्या घराचं, ऑफिसचं, सत्संगाचं दार किती उघडं आहे?

आजचा संकल्प: या आठवड्यात जवळच्या एका नोंदणीकृत संस्थेला फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: “तुम्हाला सध्या कशाची गरज आहे?”

प्रार्थना: हे कृष्णा, ज्यांची तक्रार कोणी नोंदवली नाही, त्या तुला दिसल्या. आम्हालाही त्या दिसू देत. आणि दिसल्यावर दुसऱ्या दिवशीही तिथे टिकून राहण्याचं बळ दे.

राम कृष्ण हरी!