खलनायकाचे बालपण : एका जपानी चित्रकथेचा अभ्यास

शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गातील मुले घरी काय वाचतात हे शिक्षकांना ठाऊक असावे. त्यांपैकी पुष्कळांच्या हाती हल्ली जपानी चित्रकथा असतात. कोणी त्याच कथा मोबाइलवर चलचित्राच्या रूपात पाहतात. जपानीत या चित्रकथेला मांगा म्हणतात. मारामारीची पुस्तके म्हणून आपण ती बाजूला सारतो, आणि मारामारी त्यांत आहेच. परंतु त्यांतील एका कथेने घरातील मारहाण, बापाचा हट्ट व त्यातून घडलेली माणसे यांचा विचार बऱ्याच गांभीर्याने केला आहे. म्हणून आम्ही ती या पाठासाठी घेतली आहे.

कोहेई होरिकोशी यांची 'माय हीरो अकॅडेमिया' ही कथा 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात २०१४ च्या जुलैपासून २०२४ च्या ऑगस्टपर्यंत चालली. तिची ४३० प्रकरणे असून ती ४२ खंडांत निघाली. कथेतील जगात बहुतेक माणसांना जन्मतः एखादी अचाट शक्ती असते, आणि ती वापरून लोकांचे रक्षण करणारा 'हीरो' हा तेथे सरकारमान्य पेशा आहे. या हीरोंच्या विरुद्ध उभे राहणारे खलनायक कोठून येतात, हा आपला प्रश्न.

त्यांतील मुख्य खलनायक तोमुरा शिगाराकी. त्याचे खरे नाव तेंको शिमुरा. त्याची आजी नाना नामांकित हीरो होती. शत्रूपासून मुलाचा जीव वाचावा म्हणून तिने आपला लहानगा कोतारो परक्या घरी दिला. कोतारोने मात्र 'आईने मला टाकले' एवढेच मनात धरले. मोठेपणी त्याने स्वतःच्या घरात नियम केला, की येथे हीरोंचे नाव काढायचे नाही. पाच वर्षांच्या तेंकोला तर हीरोच व्हायचे होते! त्यासाठी त्याला शिक्षा होई. आई, आजी-आजोबा त्याला जवळ घेत, पण बापाचा नियम मोडायला कोणी पुढे होत नसे. त्या घरात मुलाच्या अंगाला सारखी खाज सुटे. हा बारकावा शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. मूल जे तोंडाने सांगत नाही ते कधी कधी त्याचे अंग सांगते.

एके दिवशी बापाने त्याला मारले. त्याच रात्री अंगणात त्याच्या हातांत स्पर्शाने सारे भस्म करणारी शक्ती जागी झाली आणि कुत्रा, बहीण, आजी-आजोबा, आई यांचा त्याच्या इच्छेविरुद्ध अंत झाला. बापाचा मात्र त्याने जाणूनबुजून केला. मग ते मूल रक्ताने माखलेले असे रस्त्यावर भटकू लागले. लोक पाहत व पुढे जात. एक म्हातारी जवळ आली, त्याचा चेहरा पाहून दचकली, आणि कोणी हीरो येईलच असे सांगून निघून गेली. हात पुढे केला तो दुष्टांच्या म्होरक्याने, ऑल फॉर वन याने. त्यानेच मुलाला नवे नाव दिले आणि त्याच्या मनातील द्वेष वाढवला.

दुसरे घर तोदोरोकींचे, आणि आमच्या मते कथेचा कस येथे लागतो. कारण येथे मारणारा बाप स्वतः देशातील दुसऱ्या क्रमांकाचा हीरो आहे. एनजी तोदोरोकीला त्या काळी पहिला क्रमांक मिळत नव्हता. म्हणून त्याने शक्तीचा मेळ पाहून रेई हिच्याशी लग्न केले, की मूल तरी आपल्या पुढे जाईल. थोरला तोया बापाहून तेजस्वी ज्वाळा घेऊन जन्मला, पण त्याचा देह आईच्या वळणाचा, आगीला न सोसणारा. तो भाजू लागला तेव्हा बापाने त्याचे शिक्षण थांबवले व आपली आशा दुसऱ्या मुलावर वळवली. तोया एकटाच डोंगरावर सराव करीत राहिला. 'एकदा येऊन पाहा' असे त्याने बापाला विनवले. बाप गेला नाही. मुलगा तेथेच जळाला असे सर्वांनी मानले. पुढे तोच दाबी या नावाने खलनायक होऊन परतला व बापाचे घरातले वर्तन त्याने साऱ्या देशासमोर उघड केले. रेईचे मन तर आधीच खचले होते. तिने धाकट्या शोतोच्या तोंडावर कढत पाणी ओतले आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले.

एनजीला पुढे पश्चात्ताप होतो, आणि तो खरा आहे. पण लेखकाने त्याच्या पदरात क्षमा आयती टाकलेली नाही. कुटुंबाला आपल्यावाचून राहता यावे म्हणून तो वेगळे घर बांधतो. मुलगी फुयुमीला सर्वांनी पुन्हा एकत्र जेवावे असे वाटते. शोतो बापाला पारखत राहतो. मधला मुलगा नात्सुओ क्षमा करीत नाही, आणि शेवटी बापाची पुन्हा भेट न घेण्याचे ठरवतो. कथा त्याला वाईट ठरवत नाही. मंडळीत आपण क्षमेविषयी पुष्कळ बोलतो, आणि कित्येकदा मार खाल्लेल्यालाच आधी घाई करतो. नात्सुओचा प्रसंग वर्गात चर्चेला घ्यावा. मुले मोकळेपणी बोलतील.

आता एक इशारा. 'छळ झालेले मूल गुंड होते' असा अर्थ मुलांनी काढू नये, कारण तसे वास्तवात नाही. छळ सोसलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा न करता जगतात. वर्गात असे एखादे मूल बसलेले असू शकते, आणि तो शेरा त्याच्या जिव्हारी लागेल. कथेतच याचे उत्तर आहे. हॉक्स नावाच्या हीरोचा बाप गुन्हेगार व मारकुटा होता. त्या मुलाजवळ एनजीच्या रूपाची बाहुली होती, आणि त्याच्या बापाला पकडले ते एनजीनेच. ज्याने घरी मुलाला जाळले, तोच परक्याच्या मुलाला आधार झाला.

कथेत आम्हांला एक गोष्ट पटली नाही. शेवटाकडे कळते की तेंकोच्या हातातली नाशकारी शक्ती ऑल फॉर वननेच त्याच्यात घातली होती. यामुळे दोष घरातून व रस्त्यावरून उठून एका महादुष्टाच्या माथी जातो, आणि शेजारी-पाजारी सुटतात. एरवी लेखकाने त्यांना सुटू दिले नव्हते.

शिक्षकांनी एवढे करावे : अंगावरचे वळ, सततचे दचकणे, घरी जाण्याची भीती दिसली तर 'घरचा प्रश्न' म्हणून गप्प बसू नये. मुलांसाठीचा १०९८ हा मदतक्रमांक आपल्या देशात विनामूल्य आहे.

तेंको शेवटी मरतो. नायक मिदोरियाला त्याच्या आत ते रडणारे मूल दिसले होते, पण त्याला तो जिवंत वाचवू शकला नाही. युद्धानंतर आणखी एक मुलगा तसाच मळलेल्या अंगाने रस्त्यावर भटकताना दाखवला आहे. लोक बाजूने जातात. तीच म्हातारी त्याला पाहते, या वेळी थांबते, आणि त्याचा हात धरते.