क्रमातील पुढची नोंद

कार्यालयातील नोंदवहीत क्रमांक ओळीने लिहिलेले असतात; त्यामुळे पुढची नोंद हवी असल्यास खालची ओळ पाहिली की काम भागते. संगणकात मात्र नोंदी पुष्कळदा झाडाच्या आकारात मांडलेल्या असतात. तेथे क्रमाने पुढची असलेली नोंद शेजारी असेलच असे नाही. ती शोधताना चूक झाली, तर एखादा खातेदार यादीतून वगळला जाईल. म्हणून तिचा नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

या मांडणीस द्विशाखी शोधवृक्ष म्हणतात. त्याचे मूळ वर व शाखा खाली असतात. प्रत्येक नोंदीस फार तर दोन शाखा असतात. डाव्या शाखेतील सर्व क्रमांक तिच्याहून लहान आणि उजव्या शाखेतील सर्व मोठे असतात. समजा, मुळाशी खाते क्रमांक ५० आहे. त्याच्या डावीकडे २५ व उजवीकडे ७० आहे. २५ च्या डावीकडे १० व उजवीकडे ४०. ४० च्या उजवीकडे ४५. तसेच ७० च्या डावीकडे ६० आणि ६० च्या डावीकडे ५५ आहे.

पहिला नियम असा : नोंदीस उजवी शाखा असल्यास एकदा उजवीकडे वळावे व नंतर वाट संपेपर्यंत डावीकडेच उतरावे. ५० वरून ७०, ६० असे उतरत आपण ५५ पाशी थांबतो. तीच पुढची नोंद होय.

दुसरा नियम असा : उजवी शाखा नसल्यास वर चढावे. ज्या नोंदीपाशी आपण तिच्या डाव्या शाखेतून प्रथम पोहोचू, ती पुढची नोंद. ४५ वरून चढताना ४० व २५ उजव्या शाखेतून लागतात, म्हणजे ते लहान आहेत. ५० मात्र डाव्या शाखेतून लागतो, तेच उत्तर. मुळापर्यंत जाऊनही अशी नोंद न मिळाल्यास आपली नोंदच शेवटची समजावी.

हे श्रम नोंदींच्या संख्येवर नव्हे, तर झाडाच्या उंचीवर अवलंबून असतात. समतोल झाडाच्या १० पातळ्यांत १,०२३ नोंदी मावतात. परंतु चढत्या क्रमाने नोंदी घालत गेल्यास झाड एकाच बाजूला वाढते आणि १,००० नोंदींना १,००० पातळ्या लागतात. यावर अडेल्सन-वेल्स्की व लांडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ मध्ये झाड समतोल राखण्याची पद्धत मांडली.

शिक्षकांनी वरील झाड फळ्यावर काढून १० पासून प्रारंभ करावा. दोन्ही नियम पाळल्यास १०, २५, ४०, ४५, ५०, ५५, ६०, ७० या आठही नोंदी, एकही न गळता, क्रमाने हाती येतील.