वडीलधाऱ्यांसाठी सेट-टॉप बॉक्सची निवड

दूरदर्शनची उपग्रहाद्वारे थेट घरी पोहोचणारी निःशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ या नावाने परिचित आहे. छत्री व बॉक्स यांचा खर्च एकदाच येतो; मासिक वर्गणी नाही. म्हणून कोणी ‘रिचार्ज’चे पैसे मागितल्यास ते देऊ नयेत, हे वृद्धांना आवर्जून सांगावे. एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत. तेव्हा नवा बॉक्स एमपीईजी-४चाच घ्यावा. जुन्या दूरचित्रवाणी संचास त्याच्या तारा जुळतात काय, हे तपासावे. रिमोटच्या कळा मोठ्या व अक्षरे ठळक असावीत. बॉक्स बसविणारा परतण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या हाताने ‘सह्याद्री’ वाहिनी लावून पाहावी. ते जमले, म्हणजे निवड योग्य झाली असे समजावे.