संगणक ‘परवानगी नाही’ म्हणाला तर

समजा, चादरीची नवी नक्षी आपण घरच्या संगणकावर काढली. जपून ठेवायला गेलो, तर तो म्हणतो, ‘परवानगी नाही.’ घाबरू नका. फाईल मात्र बंद करायची नाही. केली की दिवसाची मेहनत गेलीच! आधी ती आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा. मग कारण शोधू.

विंडोजमध्ये ‘प्रोग्राम फाइल्स’ ही संगणकाची स्वतःची कोठी. तिथे आपले सामान नकोच. जुन्या संगणकातली डिस्क आणून जोडली, तरी फोल्डरावर मालकी जुन्या खात्याचीच राहते. घर बदलले, कुलूप तेच!

फोल्डरावर माउसचे उजवे बटण दाबा. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ उघडा. आपले नाव निवडा. खाली ‘मॉडिफाय’पुढे खूण आहे का बघा. नसेल तर ‘एडिट’ दाबून करा. याला मुख्य खात्याची संमती लागते. ‘एव्हरीवन’ला मोकळीक देण्याचा सोपा उपाय कुणी सुचवील. आम्ही तो सांगत नाही. मग कुणीही आपली नक्षी पुसेल.