पंगतीची शोभा

पाहुणा दारी आला की त्याच्या हातापायांवर पाणी घालावे, त्याच्यापुढे गूळ-पाणी ठेवावे आणि मग पाने मांडावयास घ्यावी, ही महाराष्ट्रातील घरोघरची जुनी रीत आहे. घर मोठे असो वा लहान, जेवावयास पुरणपोळी असो वा भाकरी-पिठले, पाहुण्याचे पान मांडताना हात आपोआप जपून चालू लागतो. अन्न जिभेला रुचण्यापूर्वी ते डोळ्यांना रुचावे लागते, हे आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते. म्हणूनच पान वाढणे ही त्यांनी नुसती घाईची कामगिरी मानली नाही. तिला एका कलेचे रूप दिले.

पंगतीची तयारी जागेपासून सुरू होते. जमीन स्वच्छ सारवलेली अगर पुसलेली हवी. तिच्यावर पाट एका रेषेत मांडावयाचे. एक पाट जरी पुढे-मागे झाला, तरी सारी ओळ वाकडी दिसते. दोन पाटांत इतके अंतर असावे की, शेजाऱ्याचा कोपर लागू नये. आणि दोन ओळींत इतकी वाट असावी की, भांडे हाती घेतलेला वाढपी कोणाच्या पानाला पायाचा स्पर्श न होऊ देता सहज पुढे जावा. पानाभोवती रांगोळीची महिरप काढतात. कोपऱ्यात समई तेवत असते, उदबत्तीचा मंद सुवास दरवळतो. पाण्याचे भांडे डाव्या हाताशी ठेवले, म्हणजे खरकटा हात न लावता ते उचलता येते.

पान कशाचे, हे त्या त्या प्रदेशावर अवलंबून असे. कोकणात केळी विपुल, तेथे केळीचे हिरवेगार पान. जिथे पळस अधिक, तेथे त्याची पाने बारीक काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ, आणि पातळ पदार्थांसाठी त्याच पानांचा द्रोण. केळीचे पान मांडताना त्याचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवतात. असे का, हे पदार्थांची मांडणी पाहिली म्हणजे कळते.

पानाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ वाढतात. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, आणि तेथून खाली चटणी, लोणचे, कोशिंबीर, पापड, कुरडई अशी ओळ लागते. हे पदार्थ चवीपुरते, थोडे थोडे खावयाचे. म्हणून त्यांना पानाची अरुंद बाजू पुरते. उजव्या बाजूला भाज्या, आमटी, कढी हे पदार्थ येतात. ते वारंवार लागतात आणि पुन्हा पुन्हा वाढावे लागतात. म्हणून ते जेवणाऱ्या हाताजवळ आणि पानाच्या रुंद भागात. पातळ पदार्थ वाटीत अथवा द्रोणात घातले, म्हणजे ते वाहत जाऊन दुसऱ्यात मिसळत नाहीत. मध्यभागी, जेवणाऱ्याच्या अगदी समोर, पांढऱ्या भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण आणि वरणावर साजूक तूप. गोड पदार्थाची जागा घरोघरी थोडीफार बदलते. परंतु मीठ वर, डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे, हा क्रम सहसा मोडत नाही.

या क्रमाचा उपयोग मोठ्या पंगतीत दिसून येतो. शंभर पाने मांडलेली असतात आणि एकामागून एक वाढपी येत असतात. चटणीवाल्याला चटणी कोठे वाढावी, हे कोणाला विचारावे लागत नाही. भाजीवाला आपली जागा ओळखून पुढे सरकतो. हिरव्या पानावर पांढरा भात, पिवळे वरण, लाल लोणचे आणि हिरवी चटणी आपापल्या जागी बसली, की ते पान चित्रासारखे दिसते. मांडणीतील सौंदर्य आणि सोय ही अशी हातात हात घालून चालतात.

सर्व पदार्थ वाढून झाले की, शेवटी भातावर तूप वाढतात. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. ती होईपर्यंत कोणी घास उचलावयाचा नाही. अखेरच्या पानावर तूप पडले, यजमानाने 'सावकाश होऊ द्या' असे हात जोडून म्हटले, की सारी पंगत एकदमच जेवावयास बसते. पहिल्या पानावरच्याने शेवटच्या पानासाठी थांबावयाचे, हा नियम साधा दिसतो. परंतु त्यात मोठी शिकवण आहे.

अन्न आणि भोजन यांचा विचार आपल्याकडे विद्वानांनीही केला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. राज्यकारभार आणि शास्त्रे यांच्या जोडीला ताटातील पदार्थांचाही विचार व्हावा, असे या मंडळींना वाटले.

आज पुष्कळ घरांत पाटाच्या जागी टेबल-खुर्ची आली आहे. वृद्धांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना ती सोयीचीही असते. परंतु टेबलावरही तत्त्वे तीच. कापड स्वच्छ व सुरकुत्या नसलेले असावे. ताटे काठापासून सारख्या अंतरावर असावीत. मध्ये फुले ठेवावयाची तर ती बुटक्या भांड्यात ठेवावी, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. त्यांचा वास उग्र नसावा, नाहीतर अन्नाचा सुगंध लोपतो. महागड्या भांड्यांवाचून पान सुंदर दिसते. अस्वच्छ भांड्यात मात्र पंचपक्वान्नेही शोभत नाहीत.

मांडणीइतकेच वाढण्याला महत्त्व आहे. वाढप्याने थोडे वाढावे, पुन्हा पुन्हा विचारावे. आग्रह हा पंगतीचा अलंकार खरा. परंतु 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात बळेच लाडू टाकला, तर तो लाडू अखेर उकिरड्यावर जातो. त्या लाडवामागे शेतकऱ्याचे महिनोन्महिन्यांचे कष्ट असतात. पाहुण्याला तृप्त करावे, पण अन्नाचा अपमान होऊ देऊ नये.

एवढे सारे साधले, तरी एका दोषाने पंगतीची शोभा क्षणात नाहीशी होते. श्रीमंत पाहुण्याच्या भातावर तुपाची धार आणि त्याच्या शेजारच्या गरिबाच्या भातावर दोनच थेंब, असे झाले की, रांगोळी, समई, उदबत्ती सारे फिके पडते. या दोषाला मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा खास शब्द आहे. ज्या भाषेत या दोषासाठी वेगळा शब्द घडावा लागला, त्या समाजात तो दोष किती खोलवर रुतला असेल, याची कल्पना करावी.

आणि तुपाची धार ही तर त्यातली लहान गोष्ट. शतकानुशतके आपल्या समाजातील कित्येकांना इतरांच्या पंगतीत पाटच मिळाला नाही. जातीमुळे त्यांना दूर बसविले गेले. वरून, हात न लागू देता, वाढले गेले. सुंदर पाने मांडणाऱ्या हातांनीच हा अन्याय केला, हे विसरता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांना ही गोष्ट सलत होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. तेथे कोण चहा पिणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः दुकानासमोर गाडी थांबवून, सर्वांच्या देखत तेथला चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजीत. एका कपाने त्यांनी जे सांगितले, ते लांबलचक भाषणाने सांगता आले नसते. पुढे दिनांक 26 जानेवारी 1950 रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, जात वा लिंग यांच्या कारणाने उपाहारगृहात कोणास मज्जाव करण्यास बंदी केली. कायद्याने दार उघडले. पाट मांडण्याचे काम मात्र प्रत्येक घराने करावयाचे आहे.

पंगतीत आणखी एक पान पुष्कळदा विसरले जाते. पहाटेपासून चुलीपुढे राबलेली आई सर्वांची जेवणे उरकल्यावर, निवालेले अन्न घेऊन एकटीच बसते. तिच्या पानाभोवती महिरप नसते, 'सावकाश होऊ द्या' असे तिला कोणी म्हणत नाही. घरातील मुलांनी, आणि मुलींइतकेच मुलग्यांनी, पाट मांडावे, पाणी भरावे, वाढावयास घ्यावे; म्हणजे तीही पंगतीत सर्वांबरोबर बसू शकेल.

पान कसे मांडावे, हे पाहून पाहून दोन दिवसांत शिकता येते. पान कोणासाठी मांडावे आणि कोणास वगळू नये, हे शिकावयास मनाचा मोठेपणा लागतो. ज्या पंगतीत पहिल्या आणि शेवटच्या पानावर तुपाची धार सारखी पडते, तीच पंगत खरी शोभिवंत.

स्वाध्याय

1. केळीच्या पानाचे निमुळते टोक डावीकडे का ठेवतात?
2. पदार्थांच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे मोठ्या पंगतीत कोणती सोय होते?
3. 'पंक्तिप्रपंच' म्हणजे काय? आपल्या पाहण्यातील एक उदाहरण सांगा.
4. 'कायद्याने दार उघडले; पाट मांडण्याचे काम मात्र प्रत्येक घराने करावयाचे आहे.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
5. आपल्या घरी एक दिवस सर्वांची पाने मांडा व वाढा. त्या दिवशी कोण कोणाबरोबर जेवले, ते दहा ओळींत लिहा.