मज्जातंतूची वाढ : संदेश आणि सांगाडा

पायाच्या अंगठ्यात काटा रुतला की त्याची वार्ता क्षणार्धात वर पोचते. ती वाहून नेणारा मज्जातंतू म्हणजे एकाच पेशीची लांबलचक शाखा होय. या पेशीचे मुख्य अंग पाठीच्या कण्यालगत असते आणि त्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो. तंतू मात्र प्रौढ माणसात सुमारे १ मीटर भरतो. एवढा लांब तंतू वाढतो कसा आणि इजा झाल्यास पुन्हा उभा राहतो का, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही.

टोकाशी चालणारे बांधकाम

स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भातील वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेल्या पसरट भागाचे वर्णन केले. यालाच वर्धनशंकू म्हणतात. काकडीच्या वेलीचे तणावे जसे मांडवाचा आधार चाचपतात, तशी या शंकूची बारीक बोटे सभोवार चाचपत पुढे सरकतात.

या हालचालीमागे पेशीचा अंतर्गत सांगाडा असतो. हाडांच्या सांगाड्याप्रमाणे तो कायमचा घडवलेला नसतो. त्याची उभारणी आणि मोडणी अखंड चालू असते. शंकूच्या कडेला ॲक्टिन या प्रथिनाचे धागे बोटांना आकार देतात. मागून ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका पुढे येतात व तंतूला बळकटी देतात. ॲक्टिन वाट चाचपते, सूक्ष्मनलिका ती वाट पक्की करतात.

संदेश कोणाचा?

हे बांधकाम कोणत्या दिशेने करावयाचे, हे ठरविण्यात वृद्धिघटकांचा मोठा वाटा असतो. अशा पहिल्या घटकाच्या शोधाचे श्रेय प्रामुख्याने रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याकडे जाते. इटलीतील १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा त्यांनी घरातील शयनगृहातच प्रयोगशाळा थाटली. पुढे अमेरिकेत, उंदराच्या विशिष्ट गाठीतून पाझरणाऱ्या द्रव्याने मज्जातंतू झपाट्याने फुटतात, असे त्यांना आढळले. स्टॅन्ली कोहेन यांनी ते द्रव्य वेगळे केले. १९८६ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी १९७७ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. पेशीचे मुख्य अंग एका कप्प्यात व तंतूंची टोके दुसऱ्या कप्प्यांत ठेवली असता, ज्या कप्प्यात हा घटक होता तिकडेच तंतू वाढले. जेथून तो काढून घेतला तेथे वाढ थांबली. म्हणजे संदेशाचा परिणाम जागच्या जागी, टोकाशीच घडतो.

संदेश सांगाड्यापर्यंत

वृद्धिघटक प्रथम तंतूच्या पृष्ठभागावरील ‘ट्रक-ए’ नामक ग्राही प्रथिनाला जाऊन बिलगतो. त्यासरशी आत संदेशांची साखळी सुरू होते. तिची एक शाखा ॲक्टिनच्या धाग्यांची जुळणी वाढविते. दुसरी शाखा एका विकराला टोकापुरता लगाम घालते. हा विकर एरवी सूक्ष्मनलिकांना आधार देणाऱ्या प्रथिनांना दूर ठेवीत असतो. तो निष्क्रिय होताच ती प्रथिने नलिकांच्या टोकांना चिकटतात, नलिका स्थिर होतात आणि तंतू पुढे सरकतो.

वेळेचे मोल

हातापायांतील तुटलेले तंतू पुन्हा वाढू शकतात, परंतु त्यांची गती दिवसाला साधारण १ मिलिमीटर असते. कोपराशी तुटलेल्या तंतूला बोटाच्या टोकापर्यंत पोचण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो आणि तेवढ्या अवधीत स्नायू क्षीण होत जातात.

कुष्ठरोगात मज्जातंतूंचीच हानी होते. बाधित त्वचेत मज्जातंतूंच्या वृद्धिघटकाचे प्रमाण घटलेले असते, हेही १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. औषधांनी रोगजंतू मरतात. पण दीर्घकाळ बधिर राहिलेला तंतू त्यामुळे आपोआप सजीव होत नाही. संवेदना किंवा शक्ती गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत योग्य उपचार सुरू झाल्यास ती परत येण्याची शक्यता अधिक असते.

म्हणूनच अंगावर बधिर चट्टा असलेला विद्यार्थी किंवा ग्रामस्थ दृष्टीस पडताच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविणे अगत्याचे आहे. तेथे कुष्ठरोगावरील औषधे विनामूल्य मिळतात. पेशी आपले बांधकाम मिलिमीटरने करते. तिला अवधी मिळवून देणे हे मात्र शिक्षक आणि पंचायत सदस्यांच्या हाती आहे.