पेशीच्या दारावरचा पहारा

आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "झाडाला रक्त नाही, मग ते रोगाशी लढते कसे?" प्रश्न साधा होता, उत्तर देताना मात्र आम्हालाच पुस्तके उघडावी लागली.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी फिरून जंतूंचा माग काढतात. झाडात असे फिरते शिपाई नाहीत, त्यामुळे प्रत्येक पेशीला स्वतःच पहारा द्यावा लागतो. पेशीच्या आवरणावर आणि आतही काही प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. साधारणपणे एक ग्राही जंतूची एखादी ठराविक खूणच ओळखतो.

भाताचे उदाहरण घेऊ. कडा करपा रोगात पान कडेने पिवळे पडत वाळते. हा रोग एका जीवाणूमुळे होतो व त्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. आफ्रिकेतील माली देशातल्या एका जंगली भाताला मात्र हा रोग बाधत नाही, असे १९७० च्या दशकात कटक येथे आढळले. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने संकर करून तो गुण लागवडीच्या भातात आणला. त्यामागचे 'एक्सए-२१' हे जनुक १९९५ साली कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने वेगळे केले. या जनुकापासून पेशीच्या आवरणावरचा ग्राही तयार होतो. तो जीवाणूच्या कोणत्या प्रथिनाला ओळखतो, हे कळायला २०१५ साल उजाडले. कुलूप हाती होते, किल्ली वीस वर्षांनी सापडली म्हणा ना!

जीवाणूचे ते प्रथिन ग्राहीच्या बाहेरच्या भागाला चिकटले की आतला भाग जागा होतो, इशारा केंद्रकापर्यंत पोहोचतो व संरक्षणाची जनुके कामाला लागतात. जीवाणूची वाढ रोखली जाते. परंतु जीवाणूही स्वस्थ बसत नाही. ते प्रथिन थोडे बदलले की ग्राहीला त्याची ओळखच पटत नाही, आणि एकाच जनुकावर विसंबलेले शेत उघडे पडते.

म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा महसुरी या वाणात 'एक्सए-२१'च्या जोडीला आणखी दोन जनुके आणली. २००८ साली हे सुधारित वाण प्रसारित झाले. जोडीच्या दोन जनुकांचे काम ओळख पटवण्याचे नाही. त्यांतील एकामुळे, जीवाणू पेशीतील साखर बाहेर काढण्यासाठी जे दार उघडतो, ते त्याला उघडताच येत नाही. सदर वाण संकरित बियाण्याचे नसल्यामुळे शेतकरी घरचेच बी पुढच्या वर्षी पेरू शकतो, आणि तिन्ही जनुके त्यात उतरतात.